ग्लास खाली ठेवल्यानंतर

बाबांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला, घसा साफ केला, हात खिशाकडे नेला, आणि पडदा काळा झाला. आवाज आधी गेला की चित्र आधी गेलं हे तिला सांगता आलं नसतं. टेबलाखालचा कॉम्प्युटरचा खोका एक लांब उसासा टाकून गप्प झाला, त्याच्यावरचा हिरवा दिवा विझला, आणि काळ्या काचेत दोन चेहरे उरले. पुढे तिचा, तोंड अर्धवट उघडं असलेला, आणि तिच्या खांद्याला लागून आईचा, अगदी शांत. वीज गेली म्हणावं तर छताचा दिवा चालू होता आणि शेजारच्यांचा मिक्सरही ओरडत होता. गेले होते ते फक्त बाबा. "गेलं वाटतं," आई म्हणाली, आणि शाल सारखी करत उठली. "तुझ्या बाबांचं असंच. बोलायची वेळ आली की काहीतरी व्हायचं." लेकीनं बटण दाबून कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. सुरू होताच त्यानं तिला सुनावलं की मागच्या वेळी हे यंत्र योग्य रीतीनं बंद करण्यात आलं नव्हतं. म्हणजे गुन्हा त्याचा आणि जबाब तिचा. ऑफिसातल्या काही माणसांची तिला आठवण झाली. ती पुन्हा व्हिडिओ लावणार तोवर आई आतल्या खोलीत जाऊन आडवी झाली होती. "आज पुरे," तिथून आवाज आला. "एका दिवसात एकदाच जावं माणसानं."

बाबांच्या या भाषणाची कॅसेट कपाटाच्या वरच्या फळीवर इतकी वर्षं पडून होती की ती चालवायचं यंत्रच जगातून नाहीसं झालं होतं. आई नेहमी म्हणायची, बुरशी लागली असेल, टाकून द्या. पण गेल्या खेपेला ताई आली, फळी झाडताना तिला ती सापडली, आणि ताईला एखादी वस्तू सापडली की ती वस्तू कामाला लागते. तिनं कुठल्याशा दुकानातून कॅसेटची फाईल करून घेतली, या कॉम्प्युटरवर टाकली आणि फर्मान सोडलं: आईचा पंच्याहत्तरावा वाढदिवस पुढच्या रविवारी, हॉल ठरला आहे, मोठा पडदा आहे, सगळे नातेवाईक येणार, तेव्हा बाबांचं निरोपाचं भाषण सगळ्यांना दाखवायचं. "मला वेळ नाही, तू आधी नीट बघून घे आणि मग मला पाठव. मधला फापटपसारा काप. ते वाक्य मात्र कापू नकोस म्हणजे झालं." ते वाक्य कोणतं हे ताईनं सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. त्या घरात ते वाक्य पंख्यासारखं, कपाटासारखं होतं. बाबा पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले तेव्हा, भर सभेत, साहेबांसमोर, शेवटी आईकडे हात करून म्हणाले होते: "माझ्या हातून जे काही बरं झालं ते हिच्यामुळे, आणि जे राहून गेलं ते माझ्यामुळे." त्या दिवशी तिची रसायनशास्त्राची परीक्षा होती आणि ताईचं बाळंतपण. घरातली म्हणून सभेला हजर होती ती एकटी आई. संध्याकाळी आईनं ते वाक्य त्यांना सांगितलं, नंतर मावशीला सांगितलं, नंतर येणाऱ्याजाणाऱ्याला. सांगताना 'हिच्यामुळे' नंतर थोडं थांबायचं, हे ऐकून ऐकून ताईच्या मुलांनाही पाठ झालं होतं. बाबा त्या वेळी तिथेच बसलेले असत, पेपरात. मान वर करत नसत. विनयच तो, असं सगळे म्हणत.

तिचं काम वजनं तपासायचं. दुकानातली, दवाखान्यातली, सोनारांची वजनं प्रयोगशाळेत यायची आणि काचेच्या पेटीतल्या नाजूक तराजूवर ती एकेक करून बसवायची, चिमट्यानं, कारण बोटाचा तेलकटपणासुद्धा वजनात येतो. प्रत्येक वजन आणखी एका वजनाशी ताडून बघायचं असतं. ते दुसरं वजन प्रमाण मानलेलं असतं, मखमलीच्या डबीत ठेवलेलं असतं, त्याला फारसं कोणी हात लावत नाही. प्रमाण वजन कोणाशी ताडायचं, हा प्रश्न नवी आलेली मुलं हमखास विचारतात. ती सांगायची, त्याच्यावरच्या वजनाशी. आणि त्याच्यावरचं? त्याच्याही वरच्याशी. अखेर कुठेतरी थांबावं लागतं, आणि जिथे थांबतो तिथे विश्वास ठेवावा लागतो. मुलं हसायची. तिला ते हसण्यासारखं वाटलं नव्हतं. घरी मखमलीच्या डबीत बाबांचं वाक्य होतं, आणि लग्न झाल्यापासून ती नवऱ्याला त्याच्याशी ताडून बघत होती, चिमट्यानंच, कोणाच्या लक्षात येणार नाही अशा बेतानं. नवरा जमीनमोजणीत होता. दिवसभर दुर्बीण लावून लोकांच्या हद्दी बघायच्या आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खायच्या, त्यामुळे त्याला कमी बोलायची सवय लागली होती, किंवा आधीपासूनच होती म्हणून तो त्या कामात टिकला. ती प्रयोगशाळेची प्रमुख झाली तेव्हा छोटा समारंभ झाला. कोणीतरी हौसेनं त्यालाही उभं केलं, साहेब, तुम्ही दोन शब्द बोला. तो उभा राहिला. त्यानं सगळीकडे पाहिलं, जणू हद्द कुठे येते ते बघतो आहे. "ही वजनं तपासते," तो म्हणाला. थोडा विचार केला. "बरोबर तपासते." आणि बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तिनंही वाजवल्या, आणि रिक्षात बसल्यावर तिला बाबांचं वाक्य आठवलं आणि काटा एका बाजूला गेला तो पुन्हा मधे आलाच नाही. भांडण असं झालं नाही. पुढे त्याची बदली दूरच्या गावी झाली, तेव्हा आईला एकटं कसं ठेवायचं म्हणून ती मागे राहिली. कारण खरं होतं. नुसतं तेवढंच कारण होतं असं मात्र दोघांपैकी कोणीही म्हणालं नाही. तो फोन करायचा, कारण असलं की. विम्याचा हप्ता, छत्री तुझ्याकडे राहिली का, असं. कधी कधी कारण इतकं बारीक असायचं की ते त्याला शोधून काढावं लागलं असणार, हे तिला कळायचं. तिनं त्याची नोंद घेतली नव्हती. तराजू एवढं बारीक दाखवत नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं. बाबा उभे राहिले, माइकनं शिट्टी मारली, बाबांनी पाइपांबद्दल सांगितलं, गळत्यांबद्दल सांगितलं, शहराच्या वरच्या भागाला पाणी का चढत नाही हे कागदावरून वाचून दाखवलं. काचेत तिला शेजारी बसलेली आई पुसट दिसत होती. आईचे ओठ हलत होते. बाबांच्या शब्दाबरोबर शब्द, कुठे कुठे अर्धा शब्द आधीच. एवढ्या वर्षांनीही पाठ आहे, असं तिच्या मनात आलं, आणि त्याच वेळी बाबांनी ग्लास उचलला, आणि काळोख. या खेपेला ग्लास तोंडाशीच राहिला. तिसऱ्या दिवशी ते ग्लास खाली ठेवून घसा खाकरण्यापर्यंत पोचले. याला ती महत्त्व देत होती. फाईल खराब असती तर नेमक्या त्याच जागी अडखळली असती, तबकडीवर ओरखडा असतो तशी. हे तर रोज थोडं मागेपुढे होत होतं. म्हणजे दोष बाबांत नव्हता. "बाबांत दोष नाही म्हणजे कॉम्प्युटरमधे आहे," ती म्हणाली. आई म्हणाली, "तू त्यांना फार दिवस ओळखत नाहीस."

मग कॉम्प्युटर दुरुस्तीवाला आला. त्याला सगळी सोसायटी डॉक्टर म्हणायची, कारण तो आल्या आल्या "काय होतंय?" असं विचारायचा आणि उत्तर ऐकत नसे. त्यानं खोका उघडला, आतली धूळ पाहून 'च्च' केलं, फुंकणीनं ती धूळ सगळ्या खोलीत नीट वाटून टाकली. मग आतली एक पट्टी काढली आणि तिचे सोनेरी दात शाळेच्या खोडरबरानं घासायला लागला. "मेमरी साफ केली की निम्मी दुखणी जातात, मॅडम." तिला ते वाक्य आवडलं, उपाय पटला नाही. त्यानं व्हिडिओ लावला. बाबा बोलायला लागताच तिनं तो थांबवला. हे भाषण आईनं आणि तिनं मिळून ऐकायचं असं ठरलं होतं. आईनं पहिल्या दिवशीच बजावलं होतं, माझ्याशिवाय ऐकू नकोस, आणि पुढे सरकवूनही ऐकू नकोस, भाषण काय मधून ऐकतात? आणि तिला स्वतःलाही, खरं तर, ते वाक्य एकटीनं ऐकायचं धैर्य नव्हतं. म्हणून डॉक्टरनं स्वतःजवळचा एक व्हिडिओ लावला, कोणीतरी अळंबीची शेती कशी करावी हे समजावत होता. अळंबीवाला तासभर बोलला. खोका कुरकुरलासुद्धा नाही. "ठणठणीत आहे," डॉक्टर म्हणाला आणि निघाला. संध्याकाळी आई शेजारी बसली, बाबा उभे राहिले, पाइप झाले, गळत्या झाल्या, ग्लास आला, काळोख आला.

शास्त्र शिकलेल्या माणसाचा एक अभिमान असतो, की जगात गूढ काही नसतं, फक्त एका वेळी दोन गोष्टी बदललेल्या असतात. तिनं एका वेळी एकच गोष्ट बदलायला घेतली. व्हिडिओ दाखवणारा प्रोग्रॅम बदलला. मग वायर बदलली. मग विजेचं बटण बदललं, भिंतीवरचं, म्हणजे कॉम्प्युटरची वायर दुसऱ्या बटणापर्यंत पोचेना तेव्हा टेबलच सरकवलं आणि जुन्या जागी परत आणलं. प्रयोगशाळेतून तापमापक आणून तो खोक्याच्या पाठीच्या जाळीत अडकवला आणि अळंबीवाल्याला पुन्हा बोलायला लावलं. अळंबीवाला बोलून दमला, पारा शहाण्यासारखा राहिला. आता उरली होती ती फाईल, पण फाईल तपासायची तर बाबा ऐकावे लागणार. यावर तिनं जो उपाय काढला तो तिला स्वतःला फार नेमका वाटला. आई दुपारची झोपली असताना तिनं आवाज बंद केला, पडद्यावर आंघोळीचा टॉवेल टाकला, भाषण सुरू केलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन पाठ करून उभी राहिली. टॉवेलखाली बाबा निवृत्त होत होते. ती सिंकमधले चमचे धुत होती. तिला एकदा वाटलं की आपण काहीतरी वेडगळ करतो आहोत. मग वाटलं की नाही, लोक घरोघर हेच करतात, टॉवेल तेवढे वेगवेगळे. परत आली तेव्हा खोका घरघरत होता आणि टॉवेलच्या कडेखालून दिसत होतं की भाषण केव्हाच संपून गेलं आहे. फाईल पूर्ण चालली होती. तिनं डॉक्टरला फोन करून हे सांगितलं. त्यानं पहिल्यांदाच नीट ऐकून घेतलं. "म्हणजे कोणी बघत नसलं की चालतो," तो म्हणाला, "आणि तुम्ही बघायला लागलात की बंद पडतो." "हो." "मॅडम, मग तुम्ही बघू नका." असं म्हणून त्यानं वर सल्लाही दिला की नवीन घ्या.

शुक्रवारी नवऱ्याचा फोन आला. कारण होतं लोखंडी शिडी. ती कोणाला द्यायची आहे का, नसेल तर राहू दे. शिडी संपल्यावर तिनं, बोलायला काहीतरी हवं म्हणून, कॉम्प्युटरचं सांगितलं. प्रोग्रॅम, वायर, पारा, टॉवेल. टॉवेलशी तो हसला असं तिला वाटलं, पण त्याचं हसणं फोनवर ऐकू येत नसे. "बंद पडतो तेव्हा कोण कुठे बसलेलं असतं?" त्यानं विचारलं.

"याचा काय संबंध?"

"नाही, मोजणीत आधी आपण कुठे उभे आहोत ते लिहितात. मग बाकीचं."

"मी समोर बसते. आई शेजारी. आई काय करणार आहे कॉम्प्युटरला? ती माउसला हात लावत नाही, चावेल म्हणते."

"त्या काही करतात असं मी म्हटलं नाही," तो म्हणाला. "कुठे असतात एवढंच विचारलं." मग म्हणाला, "रविवारी वाढदिवस ना आईंचा," आणि ती पुढे काही बोलेल म्हणून थांबला असावा, पण तिच्या मनात आलं की हा माणूस आईच्या वाढदिवसाबद्दल बोलतानासुद्धा हद्दीवर उभा राहून बोलतो. तिनं हो म्हटलं आणि फोन ठेवला. चिडली. चिडण्यासारखं त्यात काय होतं हे बघायला गेली तर हाताला काही लागेना. तेव्हा आणखी चिडली.

शनिवारी अर्धा दिवस काम होतं. एका सोनाराचं इवलंसं वजन काचेच्या पेटीत होतं आणि आकडा स्थिर होत नव्हता. शेवटचा अंक खाली घसरत होता, जरा थांबत होता, पुन्हा घसरत होता. तिनं पेटीची दारं पाहिली, पाया पाहिला, खिडकी बंद असल्याची खात्री केली. मग तिच्या लक्षात आलं की सकाळपासून थंडी वाजते म्हणून ती टेबलाला अगदी खेटून, पेटीवर जवळजवळ ओणवी होऊन बसली आहे. तिच्या अंगाची ऊब पेटीत जात होती, आतली हवा हलत होती, आणि सोनाराचं वजन तिच्या छातीच्या उबेवर तरंगत होतं. ही गोष्ट ती दर वर्षी नव्या मुलांना शिकवायची. तराजूजवळ उभं असलेलं माणूस हेही प्रयोगात आहे, त्यानं लांब व्हावं. ती लांब झाली. आकडा स्थिर झाला. ती तशीच उभी राहिली, हातात चिमटा, आणि तिच्या डोळ्यांसमोर सोनाराचं वजन नव्हतं, एक शाल होती. संध्याकाळच्या वेळी खुर्चीवर नीट पसरलेली, टेबलाखाली कुठेतरी नाहीशी होणारी शाल. प्रोग्रॅम बदलला, वायर बदलली, बटण बदललं, डॉक्टर बदलायचा तेवढा राहिला. एक गोष्ट फक्त रोज तशीच ठेवली होती, कारण ती गोष्ट आहे हेच डोक्यात आलं नव्हतं. अळंबीवाला ऐकायला आई नव्हती. टॉवेलच्या वेळी आई झोपली होती.

ती घरी आली. चहा झाला. "आज शेवटचं बघू," ती म्हणाली, "ताईला रात्रीपर्यंत पाठवायचंय. तिनं तीनदा फोन केला." आई म्हणाली, "चालत नाही तर नाही म्हणून सांग तिला. हॉलभर लोकांना पाइप काय दाखवायचे?" पण येऊन बसली. बाबा उभे राहिले. माइकनं शिट्टी मारली. शेजारी शाल सळसळली, खुर्ची किंचित पुढे झाली. गळत्यांपर्यंत ती थांबली आणि मग हातातली पेन्सिल खाली टाकली आणि वाकली. टेबलाखाली खोका उलटा होता. वायर आखूड म्हणून तिनंच तो पाठ पुढे करून ठेवला होता, घर लावलं तेव्हापासून. त्याची गरम हवेची जाळी सरळ शेजारी बसणाऱ्याच्या पायांकडे. त्या जाळीवर आईचे दोन पाय होते, तपकिरी लोकरीच्या मोज्यातले, शेजारी शेजारी, तळवे सपाट टेकलेले, जशी भाकरी तव्यावर टाकावी तसे. वरून शाल अशी सोडलेली की उबेचा कणही बाहेर जाऊ नये. वर बाबा म्हणत होते की वरच्या भागाला पाणी चढण्यासाठी दाब लागतो.

"आई," ती टेबलाखालूनच म्हणाली. "पाय काढ."

"का गं? आता कुठे ऊब लागत होती."

"श्वास कोंडतोय त्याचा. तापतो आणि बंद पडतो. जळू नये म्हणून बंद पडतो."

आईनं पाय काढले नाहीत. "माझे पाय गार पडतात," ती म्हणाली.

"तू हे मुद्दाम करतेस?"

"पहिल्या दिवशी खरंच गार पडले होते."

"आणि नंतर?"

"नंतरही तसे थोडे गारच होते."

ती वर आली आणि व्हिडिओ थांबवला. बाबा हातात ग्लास घेऊन थांबले. आई तिच्याकडे बघत नव्हती, ग्लासाकडे बघत होती, शाळेत एखाद्या मुलाचा खोटेपणा उघड व्हायच्या बेतात असताना त्या मुलाऐवजी फळ्याकडे बघायची तशी. आई शाळेत भाषा शिकवायची. मुख्याध्यापकांची भाषणं आई लिहायची, स्नेहसंमेलनाच्या पाहुण्यांची आभाराची भाषणं, एकदा तर निवृत्त होणाऱ्या शिपायाचं उत्स्फूर्त मनोगतही आईनंच लिहून दिलं होतं. हे तिला जन्मापासून माहीत होतं. पाण्याला रंग नसतो हेही माहीत असतं, पण ग्लासात पाणी आहे की नाही ते बघताना कोण आठवतं? काचेतले हलणारे ओठ तिला दिसले. अर्धा शब्द आधी.

"हे भाषण तू लिहिलंयस," ती म्हणाली.

"मग काय ते लिहिणार? त्यांना रजेचा अर्ज लिहायला दोन दिवस लागायचे."

"आणि ते वाक्य?"

"ते वाक्य चांगलं झालं होतं," आई म्हणाली. "ते शेवटच्या पानावर होतं." मग तिनं मोज्यातले पाय जाळीवरून उचलले, एक, मग दुसरा, आणि खुर्चीच्या पायांमागे दुमडून घेतले. "लाव आता. साप साप म्हणून किती दिवस भुई धोपटणार आहेस."

बाबा पाणी प्यायले. ग्लास खाली ठेवला, घसा साफ केला, पान उलटलं. पुढे पान नव्हतं. त्यांनी उलटलेलं पान पुन्हा उलटून पाहिलं. हात खिशाकडे गेला, या खिशाकडे, त्या खिशाकडे, पुन्हा या. माइकमधून खिशांचे आवाज येत होते. मग त्यांनी मान वर केली आणि डावीकडे, कॅमेऱ्याच्या बाहेर कुठेतरी पाहिलं. "पुढचं पान घरी राहिलं," ते म्हणाले. हॉल हसला. बाबा थांबले. ते अजून तिकडेच बघत होते. "काही बिघडत नाही," ते म्हणाले. "पुढचं हिला पाठ आहे." आणि ते बसले. हॉल आता इतका हसला की माइकनं पुन्हा शिट्टी मारली, कोणीतरी टेबलावर थापा मारल्या आणि कोणीतरी चहा तयार असल्याचं जाहीर केलं.

खोका घरघरत राहिला. बंद पडला नाही. आता पडला असता तर बरं असं तिला क्षणभर वाटलं. एवढी वर्षं मखमलीच्या डबीत जपलेलं प्रमाण वजन, ज्यानं तोलायचं त्यानंच घडवलेलं, त्यानंच शिक्का मारलेलं. प्रयोगशाळेत कोणी असं केलं असतं तर तिनं नोकरीवरून काढलं असतं. आणि या वजनासमोर तिनं एका माणसाला ठेवलं होतं, जो स्वतःचं वाक्य स्वतः करून आला होता. फक्त लहान होतं. तिला हसू येतंय की काय येतंय हे ठरेना, नाकातून एक विचित्र आवाज आला.

"हस," आई म्हणाली. "सगळे हसले. मी आपली पर्स उघडत होते आणि बंद करत होते. वर पाहिलंच नाही."

"पान होतं कुठे पण?"

"पांढऱ्या शर्टाच्या खिशात. निघताना मीच म्हटलं, हा नको, निळा घाला, फोटोत बरा दिसतो."

आता मात्र ती हसली, आणि आईही हसली. हसताना आईचे पाय नकळत पुन्हा पुढे सरकले आणि आईनंच ते मागे ओढले. तिनं व्हिडिओ मागे नेला. निळा शर्ट फोटोत खरंच बरा दिसत होता. "बघ," ती म्हणाली, "हॉल हसतोय, पण बाबा हसत नाहीत. थट्टा करणारा माणूस हसतो. ते तुझ्याकडे बघतायत."

"वाचायचा चष्मा आहे डोळ्यावर. त्यातून त्यांना लांबचं दिसत नसे. मी म्हणजे एक डाग दिसत असणार."

"डाग कुठे बसलाय ते माहीत होतं ना."

आई शालीचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "परत लाव." तिनं परत लावलं. पुढचं हिला पाठ आहे. "परत." पुढचं हिला पाठ आहे. तिसऱ्या वेळी आईचे ओठ हलले, पण बाबांबरोबर नाही, बाबा बसल्यानंतर. तेवढ्यात फोन वाजला. ताई होती, आणि ती 'हॅलो' म्हणायच्या आत विचारत होती, "झालं का? का अजून तुझे प्रयोगच चाललेत? दुकानवाला म्हणतो फाईल खराब असेल तर तो..." फाईल खराब आहे, असं सांगायला तिनं तोंड उघडलं. हे तिच्या आयुष्यातलं पहिलं खोटं प्रमाणपत्र झालं असतं आणि ते द्यायला ती तयार होती. आईनं हात पुढे करून फोन घेतला.

"चालतोय," आई म्हणाली. "कशानं बंद पडत होता? थंडीनं. ते जाऊ दे. हे बघ, पाइप कापा हवे तर, ग्लासाच्या पुढचं काही कापू नका. ते बसले की पडदा बंद करा, आणि माइक माझ्याकडे द्या. अगं, भाषण कसलं, एकच वाक्य आहे. पुढचं मी बोलेन."

ताई पलीकडून काय विचारत होती ते ऐकू आलं नाही. आईनं फोन परत दिला आणि, कॉम्प्युटर लवकर बंद करू नकोस, पाय गार पडलेत, असं म्हणाली. तिनं वाकून खोका फिरवला, जाळी भिंतीकडे नव्हे, बाजूला केली, म्हणजे त्यालाही श्वास मिळेल आणि आईलाही थोडी ऊब. मग तिनं नवऱ्याला फोन लावला. त्यानं उचलल्यावर तिला आठवलं की आपण कारण शोधलेलं नाही.

"पाय," ती म्हणाली. "आई जाळीवर पाय ठेवत होती."

"हं," तो म्हणाला. मग म्हणाला, "आईंचे पाय मोकळे ठेव. जाळी फिरव."

"फिरवली." या खेपेला तिनं फोन ठेवला नाही. "उद्या येतोस?"

मग त्यानं अगदी जपून विचारलं, "बोलावं लागेल का काही?"

तिनं मागे पाहिलं. आई शाल पांघरून, पाय पुढे करून, डोळे मिटून पुटपुटत होती, 'हिच्यामुळे' पाशी थांबत होती आणि पुन्हा सुरुवातीपासून घेत होती.

"नाही," ती म्हणाली. "तू नुसता ये."